कधी २००, कधी ४०१: वेबहुकची सही आणि आधीच वाचली गेलेली बॉडी

पैसे भरले गेले, भरणाऱ्याला पावतीही मिळाली, पण ऑर्डर मात्र ‘प्रलंबित’. अशा तक्रारी रोज येत नव्हत्या, अधूनमधून येत होत्या. सगळ्या ऑर्डरी अडकल्या असत्या तर तासाभरात उलगडा झाला असता. बहुतेक सुरळीत आणि मोजक्याच अडकलेल्या, त्यामुळे हे प्रकरण बराच काळ ‘नेटवर्कचं काहीतरी’ या खात्यात पडून राहिलं.

मांडणी अशी होती. नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) चालणारं, एक्सप्रेस फ्रेमवर्कमध्ये लिहिलेलं ऑर्डर घेणारं ॲप. पैसे स्वीकारायचं काम बाहेरच्या एका सेवेकडे. व्यवहार पूर्ण झाला की ती सेवा ॲपच्या ठरलेल्या पत्त्यावर एक पोस्ट रिक्वेस्ट पाठवते; अशा आपोआप येणाऱ्या सूचनेला वेबहुक म्हणतात. बॉडीमध्ये, म्हणजे रिक्वेस्टच्या मुख्य मजकुरात, जेसन (नाव आणि मूल्य अशा जोड्यांत माहिती लिहिण्याची पद्धत), आणि एका हेडरमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या माहितीच्या ओळीत, त्या बॉडीची सही. सही म्हणजे एचमॅक: दोन्ही बाजूंनाच ठाऊक असलेली गुप्त किल्ली आणि बॉडीचे बाइट यांच्यावरून एसएचए-२५६ ने काढलेलं ३२ बाइटांचं मूल्य, हेक्समध्ये लिहिलं तर ६४ अक्षरं. १९९७ च्या आरएफसी २१०४ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे दस्तऐवज) मांडलेली ही रीत आज बहुतेक वेबहुक सेवा वापरतात. गिटहब सही वेगळ्या हेडरमध्ये पाठवतं. स्ट्राइप सहीसोबत वेळही पाठवतं आणि तीही सहीत धरतं. आपल्या प्रकरणातली सेवा साध्या जातीची होती: बॉडीची सही, बस्स.

ॲप काय करायचं? रिक्वेस्ट आली की सही स्वतः काढायची, हेडरमधल्या सहीशी ताडायची, जुळली तर ऑर्डर पुढे सरकवायची आणि २०० (‘ठीक’) द्यायचा; नाही जुळली तर ४०१ (‘ओळख पटली नाही’). अडकलेल्या प्रत्येक ऑर्डरमागे लॉगमध्ये एक ४०१ होता.

पहिला संशय किल्लीवर गेला. पण किल्ली चुकीची असेल तर एकही सही जुळणार नाही. दुसरा तर्क असा की सर्व्हरच्या अनेक प्रती चालू आहेत आणि त्यातल्या एकीत जुनी किल्ली राहिली असेल. हा तर्क चांगला होता, कारण ‘कधी चालतं, कधी नाही’ याचं उत्तर त्यात होतं. पण लॉगमधली एक गोष्ट त्याच्या आड येत होती. २०० मिळाला नाही की सेवा तीच सूचना वाढत्या अंतराने पुन्हा पाठवायची, आणि एकदा नाकारलेली सूचना पुढच्या प्रत्येक खेपेला नाकारलीच जायची, मग ती कुठल्याही प्रतीकडे जावो. माझ्या मते सगळ्या तपासातला हाच सर्वांत मोलाचा धागा. दोष वेळेचा, गर्दीचा किंवा नेटवर्कचा असता तर निदान एखादी पुनरावृत्ती पार पडली असती. त्याच रिक्वेस्टला कायम तेच उत्तर मिळतंय, म्हणजे दोष त्या रिक्वेस्टच्या मजकुरात काहीतरी पाहून जागा होतोय.

मग मजकूर पाहायचा ठरवलं, आणि इथे टीमची फसगत झाली. नाकारलेल्या रिक्वेस्टची बॉडी लॉगमध्ये छापली. ती अगदी स्वच्छ, नीट जेसन दिसत होती. स्वीकारलेल्या बॉडीशेजारी ठेवली तरी डोळ्यांना फरक दिसेना. दिसणार कसा? लॉगमध्ये जे छापलं जात होतं ते आलेलं नव्हतंच.

इथे थोडं थांबून रिक्वेस्ट फ्रेमवर्कपर्यंत कशी पोचते ते पाहायला हवं, कारण सगळी गोम तिथे आहे.

एचटीटीपी १.१ मध्ये रिक्वेस्ट म्हणजे बाइटांचा एक ओघ. आधी मेथड आणि पत्ता असलेली ओळ, मग हेडर, मग एक रिकामी ओळ, आणि त्यानंतर बॉडी. बॉडी कुठे संपते हे कंटेंट-लेंग्थ हेडरवरून किंवा तुकड्यातुकड्यांनी पाठवली असेल तर शेवटच्या शून्य लांबीच्या तुकड्यावरून कळतं. नोडचा पार्सर हेडर वाचून झाले की लगेच आपल्या फंक्शनला हाक मारतो. त्या क्षणी बॉडी पूर्ण आलेली असेलच असं नाही. कदाचित ती अजून वाटेत असेल. म्हणून फ्रेमवर्कच्या हाती जी रिक्वेस्ट पडते तिच्यात बॉडी हा तयार मजकूर नसतो, वाचायचा बाकी असलेला स्ट्रीम असतो. आणि स्ट्रीम एकदाच वाचता येतो.

एक्सप्रेसमध्ये हे वाचण्याचं काम जेसन मिडलवेअर करतं (मिडलवेअर म्हणजे रिक्वेस्ट राउटपर्यंत, म्हणजे त्या पत्त्याच्या कोडपर्यंत, पोचण्याआधी चालणारं फंक्शन). २०१७ मधल्या ४.१६ आवृत्तीपासून ते फ्रेमवर्कमध्येच आहे, त्याआधी बॉडी-पार्सर वेगळा बसवावा लागे. कंटेंट-टाइप जेसनचा असेल तर ते सगळे बाइट गोळा करतं, गरज असेल तर जीझिपने दाबलेला मजकूर उलगडतं, यूटीएफ-८ समजून स्ट्रिंग बनवतं, पार्स करतं, आणि तयार झालेलं ऑब्जेक्ट रिक्वेस्टच्या बॉडी या जागी ठेवतं. मूळ बाइट त्यानंतर कुणाच्याच हाती राहत नाहीत. जवळजवळ प्रत्येक प्रकल्पात हे मिडलवेअर फाइलच्या सुरुवातीलाच, सगळ्या राउटसाठी लावलेलं असतं. इथेही तसंच होतं.

त्यामुळे वेबहुकच्या राउटपर्यंत बॉडी पोचायची ती ऑब्जेक्ट होऊन. एचमॅकला तर बाइट लागतात. मग सही तपासणाऱ्या कोडने सोपा मार्ग काढला होता: ऑब्जेक्टची जेसन.स्ट्रिंगिफाय वापरून पुन्हा स्ट्रिंग करायची आणि तिची सही काढायची. मोहोर तपासायची तर मूळ कागदावरची तपासायची. आपण सुवाच्य अक्षरात उतरवून घेतलेल्या प्रतीवरची तपासून काय उपयोग? पण प्रत बहुतेक वेळा मूळ कागदाशी बाइट न् बाइट जुळत होती, म्हणून कुणाला काही खटकलं नाही. आणि लॉगमध्ये छापली जात होती तीही हीच प्रत.

जुळत का होती, हे न जुळण्याइतकंच पाहण्यासारखं आहे. पाठवणारी सेवा जेसन दाटीवाटीने लिहायची, स्वल्पविराम आणि विसर्गचिन्हांनंतर मोकळी जागा न सोडता. स्ट्रिंगिफायसुद्धा तसंच लिहितं. ऑब्जेक्टमधल्या की, म्हणजे मूल्यांची नावं, ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने जावास्क्रिप्ट त्या ठेवतं, निदान बहुतेकदा. म्हणजे साधं नाव, साधा पूर्णांक, ठरावीक की, एवढंच असेल तर पार्स करून पुन्हा लिहिलेलं जेसन मूळासारखंच निघतं. सेवेने मोकळ्या जागा सोडल्या असत्या तर पहिल्याच दिवशी सगळं कोसळलं असतं आणि कोड तेव्हाच दुरुस्त झाला असता.

टेस्टही होत्या, आणि सगळ्या हिरव्या. टेस्टमध्ये एक ऑब्जेक्ट घ्यायचं, स्ट्रिंगिफाय करायचं, सही काढायची, पाठवायचं. म्हणजे पाठवणारा आणि तपासणारा दोघेही एकाच फंक्शनने लिहिणारे. अशी टेस्ट नापास होणं शक्यच नाही.

फरक शेवटी उघड झाला तो कंटेंट-लेंग्थमुळे. कुणीतरी नाकारलेल्या रिक्वेस्टचे सगळे हेडर छापले आणि त्यातल्या लांबीशी पुन्हा लिहिलेल्या बॉडीची लांबी ताडून पाहिली. लांबी बाइटांत मोजायची, अक्षरांत नाही. नोडमध्ये त्यासाठी बफरचं (बफर म्हणजे बाइटांचा साठा) बाइटलेंग्थ हे फंक्शन आहे. बऱ्याचशा नाकारलेल्या रिक्वेस्टमध्ये दोन आकडे वेगळे निघाले. ही युक्ती अर्धवट आहे हेही सांगायला हवं: तुकड्यांनी आलेल्या रिक्वेस्टला कंटेंट-लेंग्थ नसते, जीझिप केलेली असेल तर ती दाबलेल्या बॉडीची असते, आणि लांबी सारखी असूनही मजकूर वेगळा असू शकतो. तरी कोड न बदलता, नुसते हेडर पाहून इतकं कळत असेल तर आधी तेच करावं. मग जेसन मिडलवेअरच्या आधी मूळ बाइट टिपून घेतले, आणि तीन वेगळी कारणं समोर आली.

पहिलं, इंग्रजीबाहेरची अक्षरं. सेवा ती जशीच्या तशी न लिहिता सांकेतिक रूपात लिहायची: उलटी तिरकी रेघ, यू आणि चार हेक्स अंक. जेसनच्या आरएफसी ८२५९ नुसार दोन्ही रूपं चालतात. पार्स झाल्यावर खरं अक्षर मिळतं आणि स्ट्रिंगिफाय ते खऱ्याच रूपात लिहितं. देवनागरीतलं एक चिन्ह सांकेतिक रूपात सहा बाइट घेतं, यूटीएफ-८ मध्ये तीन. ग्राहकाचं नाव रोमन लिपीत, बिनखुणेचं असलं की सही जुळायची. नावात एखादं जरी वेगळं अक्षर आलं की ४०१.

दुसरं, रकमा. काही व्यवहारांत रक्कम पूर्णांक नसून १५००.० अशी यायची. जावास्क्रिप्टला पूर्णांक आणि अपूर्णांक असे वेगळे प्रकार नाहीत, एकच नंबर. तो १५०० लिहितो. दोन बाइट गेले.

तिसरं कारण सर्वांत मजेशीर, आणि लांबीच्या युक्तीतून निसटलेलं. ऑर्डरमधल्या वस्तू सेवा एका ऑब्जेक्टमध्ये पाठवायची, वस्तूचा क्रमांक ही की. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांकासारख्या दिसणाऱ्या की आलेल्या क्रमाने राहत नाहीत, चढत्या क्रमाने लागतात. आधी २० आणि मग ३ आलं असेल, तर पुन्हा लिहिताना ३ आधी येतं. बाइट तितकेच, क्रम वेगळा, सही वेगळी. एकच वस्तू असेल किंवा क्रम योगायोगाने चढता असेल तर काही बिघडत नाही. आरएफसी सांगतं की ऑब्जेक्टमधल्या जोड्यांना क्रम नसतो, त्यामुळे जावास्क्रिप्टला दोष देता येत नाही. दोन्ही जेसन अर्थाने एकच आहेत. एचमॅकला मात्र अर्थाशी देणंघेणं नाही.

बाइटांवरून पाठवणाऱ्याविषयीही थोडा अंदाज बांधता येत होता. पत्त्यांमधल्या तिरक्या रेघा उघड्याच होत्या. पीएचपीचं जेसन लिहिणारं फंक्शन मुळात त्यांच्यापुढे उलटी रेघ लावतं. १५००.० आणि सांकेतिक अक्षरं ही पायथनच्या जेसन मॉड्यूलची मूळ सवय, फक्त पायथन एरवी मोकळ्या जागाही सोडतो आणि इथे त्या मुद्दाम काढलेल्या होत्या. हे कळून दुरुस्तीला मदत झाली असं नाही, पण कारणं तीनच का, याचा मेळ बसला.

दुरुस्तीचे मार्ग चर्चेत आले त्यातला पहिला धोकादायक होता: पुन्हा लिहिताना इंग्रजीबाहेरची अक्षरं आपणही सांकेतिक रूपात लिहू. म्हणजे पाठवणाऱ्याच्या लेखनशैलीची नक्कल करायची. एक कारण यातून मिटलं असतं, रकमांचं मिटलंच नसतं, कारण पार्स झाल्यावर १५००.० होतं की १५०० हे कुठेच शिल्लक राहत नाही. उद्या सेवेने जेसनची लायब्ररी बदलली तर पुन्हा मुळापासून सुरुवात. दुसरा मार्ग, जेसनचं प्रमाणित रूप. आरएफसी ८७८५ नेमकं यासाठी आहे: की कशा लावायच्या, आकडे कसे लिहायचे, सगळं ठरवून दिलेलं. पण ते दोन्ही बाजूंनी पाळावं लागतं आणि समोरच्याने सही मूळ बाइटांवर काढलेली आहे. तिसरी सूचना, सही जुळली नाही तर सेवेला उलट विचारून खात्री करावी, अगदी टाकाऊ नव्हती. काही सेवा स्वतःच तसं सुचवतात. पण मोडकी तपासणी तशीच ठेवून तिच्याभोवती वळसा घालणं नको, असं ठरलं, आणि ते योग्यच होतं.

उरला खरा मार्ग: मूळ बाइट राखायचे. एक्सप्रेसमध्ये याच्या दोन रीती आहेत. जेसन मिडलवेअरला व्हेरिफाय नावाचं फंक्शन देता येतं. पार्स करण्याआधी ते बफर हातात घेऊन बोलावलं जातं. तिथे बफर रिक्वेस्टवर ठेवून द्यायचा आणि राउटमध्ये वापरायचा. बदल एका ओळीचा, म्हणून बहुतेक जण हाच करतात. मला तो फारसा पटत नाही. मिडलवेअर सगळ्या राउटवर असेल तर प्रत्येक रिक्वेस्टचे बाइट आणि ऑब्जेक्ट दोन्ही मेमरीत राहतात, एका राउटच्या गरजेपायी. आणि सही तपासण्याआधीच अनोळखी माणसाची बॉडी पार्स झालेली असते.

टीमने दुसरी रीत घेतली. वेबहुकचा राउट वेगळ्या राउटरमध्ये काढला, तो जेसन मिडलवेअरच्या ओळीच्या वर लावला, आणि त्याला रॉ मिडलवेअर दिलं. ते बॉडीला हात न लावता बफर म्हणून देतं. आधी बफरची सही काढायची, जुळली तरच जेसन.पार्स. एक्सप्रेसमध्ये मिडलवेअर लावलेल्या क्रमाने चालतात, त्यामुळे इथे राउटर दोन ओळी खाली घसरला तरी सगळं पूर्ववत मोडतं: जेसन मिडलवेअर आधी वाचून घेईल आणि रॉच्या हाती काही उरणार नाही. फाइलमध्ये त्या ओळीवर टिप्पणी लिहिली आहेच, पण टिप्पणीवर विसंबण्यापेक्षा राउटमध्ये पहिलीच तपासणी ‘बॉडी बफर आहे का’ ही ठेवली. बफर नसेल तर ५०० (‘सर्व्हरची चूक’) आणि लॉगमध्ये ठळक नोंद. कारण क्रम बिघडला तर ती आपली चूक. ४०१ देऊन ती पाठवणाऱ्याच्या माथी मारायची नाही.

रॉ मिडलवेअरलाही एक खोच आहे. मुळात ते फक्त ऑक्टेट-स्ट्रीम प्रकाराची बॉडी वाचतं. जेसन वाचायचं असेल तर टाइप हा पर्याय द्यावा लागतो. तो विसरला तर एक्सप्रेस ४ मध्ये बॉडी रिकामं ऑब्जेक्ट येते, ५ मध्ये अनडिफाइन्ड. दोन्हींवर एचमॅक काढू गेलं तर एरर.

सही ताडण्याचा कोडही बदलला. पूर्वी दोन स्ट्रिंग तीन बरोबरच्या चिन्हाने ताडल्या जात. तशा तुलनेत पहिलं वेगळं अक्षर भेटताच थांबता येतं, आणि लागलेल्या वेळेवरून सही अक्षराअक्षराने ओळखण्याचा प्रयत्न निदान तत्त्वतः शक्य असतो. नोडच्या क्रिप्टो मॉड्यूलमध्ये टायमिंगसेफइक्वल याचसाठी आहे. फक्त दोन्ही बाजूंची लांबी सारखी नसेल तर ते फंक्शन खोटं न सांगता एरर फेकतं. म्हणजे कुणी अर्धवट सही पाठवली की ४०१ ऐवजी ५००. आधी हेडर आहे का ते पाहायचं, मग लांबी, मग तुलना.

तपासात एक भलतीच गोष्टही सापडली. प्रॉक्सीच्या, म्हणजे ॲपच्या पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरच्या, लॉगमध्ये याच पत्त्यावर काही ४१३ (‘बॉडी फार मोठी’) होते, आणि ॲपच्या लॉगमध्ये त्यांचा मागमूस नव्हता. जेसन मिडलवेअरची मूळ मर्यादा १०० केबी. पुष्कळ वस्तूंच्या ऑर्डरची बॉडी त्यापेक्षा मोठी झाली की मिडलवेअर तिथेच नकार द्यायचं, आणि ॲपचा लॉग लिहिणारा कोड त्याच्या पुढे, राउटमध्ये होता. रिक्वेस्ट तिथवर पोचायचीच नाही. सहीशी याचा काही संबंध नव्हता, पण तक्रारी मात्र एकाच ढिगात पडल्या होत्या. आता रिक्वेस्टची नोंद सगळ्यांत आधी होते आणि उत्तर गेल्यावर तिच्यात स्टेटस भरला जातो. मर्यादा फक्त वेबहुकच्या राउटरवर वाढवली, सगळीकडे नाही.

हा सापळा एक्सप्रेसपुरता नाही, इतर फ्रेमवर्कमध्येही आहे. जँगोमध्ये रेस्ट फ्रेमवर्कचा डेटा आधी मागितला आणि नंतर रिक्वेस्टची मूळ बॉडी, तर सरळ एक्सेप्शन येतं. हे चांगलंच, निदान चूक लपत नाही. उलट क्रमाने मागितलं तर दोन्ही मिळतात. फ्लास्कमध्ये फॉर्म आधी वाचला तर गेट-डेटा गुपचूप रिकामं देतं. स्प्रिंगमध्ये बॉडी साठवणारा तयार रॅपर आहे, पण तो वाचलं गेलेलंच साठवतो. फिल्टरमध्ये पुढची साखळी चालण्याआधीच त्याच्याकडे मागितलं तर हाती शून्य. रेल्समध्ये रॉ-पोस्ट आहे आणि ते निमूटपणे काम करतं.

नव्या टेस्टमध्ये ऑब्जेक्ट नाहीत. टिपून घेतलेल्या बॉडी, त्यातली नावं आणि क्रमांक बदलून, बाइटांच्या फाइली म्हणून ठेवल्या, आणि त्यांच्या सह्या वेगळ्या साधनाने, ॲपचा कोड न वापरता काढल्या. तीन कारणांसाठी तीन, मोकळ्या जागा असलेली एक, ९००७१९९२५४७४०९९१ पेक्षा मोठा पूर्णांक असलेली एक, कारण त्यापलीकडे जावास्क्रिप्टचे आकडे अचूक राहतीलच असं नाही. यातही एक काटा निघाला. कुणाच्यातरी एडिटरने फाइल जतन करताना शेवटी नवी ओळ जोडली आणि सही मोडली. आता त्या फाइली गिटमध्ये बायनरी म्हणून नोंदल्या आहेत आणि एडिटरला त्या फोल्डरपुरती ती सवय बंद करायला सांगितली आहे.

दुरुस्ती चढवली आणि दुसरीच अडचण उभी राहिली. सेवेने अडलेल्या सूचना पुन्हा पाठवल्या, आता त्या सगळ्या स्वीकारल्या जाऊ लागल्या. पण त्यातल्या काही ऑर्डरी मधल्या काळात तक्रार आल्यावर कुणीतरी हाताने पुढे सरकवल्या होत्या. कोड ऑर्डरची आधीची स्थिती न पाहता ‘पैसे आले’ एवढंच म्हणून माल पाठवायचा आदेश काढत होता. काही आदेश दोनदा निघाले. ते वेळीच दिसले म्हणून थांबवता आले.

त्यानंतर प्रत्येक सूचनेचा ओळख क्रमांक डेटाबेसमध्ये युनिक बंधनासह आधी लिहायचा, तो आधीच असेल तर काही न करता २०० द्यायचा, आणि नोंद झाली की लगेच उत्तर देऊन बाकीचं काम रांगेत टाकायचं, असा बदल केला. हाताने सरकवलेल्या ऑर्डरींना त्याचा उपयोग नव्हता, कारण तिथे सूचनेचा क्रमांक कधी लिहिलाच गेला नव्हता. म्हणून ऑर्डरची स्थितीही तपासायची: ‘प्रलंबित’ असेल तरच ‘भरलेली’ करायची, तेही एकाच अपडेटमध्ये, आणि किती ओळी बदलल्या ते पाहून पुढचा आदेश काढायचा. शून्य ओळी बदलल्या तर आदेश निघत नाही.

किल्ली बदलण्याचं काम अजून बाकी आहे. सेवा काही काळ जुन्या आणि नव्या अशा दोन्ही किल्ल्यांच्या सह्या पाठवू शकते, पण ॲपचा कोड अजून हेडरमधली पहिलीच सही पाहतो.